दीड वाजताचा श्वास

मालिकेतल्या माणसाला मारायचं तर पूर्वी निदान चार जणांची बैठक व्हायची. चहा यायचा. कुणीतरी त्या नटाची बाजू घ्यायचं, अहो, त्याच्या पोरीचं लग्न आहे, आत्ताच कशाला. आता बैठक नाही. दुपारी दोन वाजता मोबाइलवर एक रेषा येते. रेषा पडली की माणूस मेला.

मी वैजयंता म्हेत्रे. 'पाठराखीण' ही दुपारी दीडची मालिका मी लिहीत होते. रात्री साडेआठच्या मालिकांवर काम करणारे लोक आमच्याकडं असे बघतात जणू आम्ही शिळं वाढतो. त्यांचं म्हणणं, दुपारी बाई मोकळी असते, काहीही दाखवा, बघते. असं बोलणाऱ्यानं दुपारी कुणाच्या घरात पाऊल टाकलेलं नसतं. दुपारी बाईचे फक्त कान मोकळे होतात. हात निवडत असतात, टिपत असतात, वळत असतात. म्हणून दुपारची मालिका कानांसाठी लिहावी लागते. कोण आलं, कोण उठून गेलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळं बोलण्यातून कळलं पाहिजे. हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. दहावीनंतर मी शाळा बघितलीच नाही. इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर टॉवेलच्या कडांना गाठी मारता मारता, घरातल्या टीव्हीकडं पाठ करून, मी अशाच मालिका ऐकत मोठी झाले.

'पाठराखीण'मध्ये बायजाक्का होती. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून सासरी आलेली आणि परत न गेलेली म्हातारी. हेमलता शिरगावकर ती करायच्या. बायजाक्का ओरडायची नाही, शाप द्यायची नाही, विष कालवायची नाही. ती घरातल्यांची भांडणं ऐकायची आणि शेवटी एखादं वाक्य टाकायची. त्या वाक्यासाठी बाया तिला ऐकायच्या. कोल्हापूरबाहेर एका बंद गुऱ्हाळाच्या जागेवर आमचा सेट होता आणि त्याच्यावर लाइटवाले, रंगपटातल्या बाया, डबेवाले असा सगळा एक गावच पोसला जात होता.

मग श्वासपेटी आली.

आधीची पद्धत साधी होती. ठरावीक घरांत मीटर बसवायचं. टीव्हीवर कुठलं चॅनेल लागलंय ते मीटर टिपायचं, आणि समोर कोण बसलंय ते माणसांनी रिमोटचं बटण दाबून सांगायचं. माणसं बटण दाबायला विसरायची, टीव्ही चालू ठेवून झोपायची. जाहिरातवाल्यांचं दुखणं एकच होतं. टीव्ही चालू आहे हे कळतं, पण लक्ष आहे का?

श्वासपेटी साबणाच्या वडीएवढी असते. टीव्हीखाली चिकटवायची. तिला कॅमेरा नाही, माइक नाही. तिच्यातून अगदी आखूड रेडिओलहरी खोलीत जातात, माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती जराशी पुढं येते, एखाद-दोन मिलिमीटर, आणि तेवढ्यानं परतीची लहर बदलते. त्यावरून पेटीला कळतं की समोर किती माणसं बसलीत आणि कुणाचा श्वास कसा चाललाय. माणूस गोष्टीत गुंगला की श्वास अडकतो, धरला जातो, मग एकदम सुटतो. कंटाळला की संथ, एकसारखा चालतो. या अडकण्या-सुटण्यातून जो आकडा निघतो तो श्वासांक. पेट्या मोजक्याच घरांत असतात आणि एकेक घर आपल्यासारख्या हजारो घरांच्या वतीनं बोलतं. शितावरून भाताची परीक्षा, तीच गोष्ट. फक्त शीत कुठलं उचललं, हे कुणी विचारत नाही.

पेटीच्या मागोमाग संगणकाची सुचवणी आली. दीडला भाग जायचा, दोनला सेकंदासेकंदाची रेषा यायची, आणि तीनला संगणक सांगायचा की पुढच्या भागात काय वाढवा, काय तोडा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तसं चित्रित करायचं आणि परवा ते घराघरांत जायचं. लेखक म्हणून माझं काम उरलं होतं ते शिवणकाम.

बायजाक्काची रेषा मेल्यासारखी सपाट यायची. चॅनेलकडून निनाद कर्णिक आमच्या मालिकेवर होता. मला वैजूताई म्हणायचा आणि प्रत्येक वाईट बातमी 'प्रेमानं सांगतो' अशी सुरू करायचा. त्यानं प्रेमानं सांगितलं की म्हातारीला मारा, नाहीतर दिवाळीला मालिकाच बंद होईल. त्या रविवारी मी इचलकरंजीला आबांकडं गेले. आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात यंत्रमागावर जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. कापसाच्या धुळीनं छाती गेली आणि घरी बसले. आई नाही, मी कोल्हापुरात. शेजारच्या गौराक्का दोन वेळची भाकरी देतात. मी त्यांच्यासमोर रडले. मालिका बंद पडतेय म्हणाले. आबांनी नुसतं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात रेषा उसळली.

आणि उसळली कुठं, तर बायजाक्का तांदूळ निवडत असताना. काही घडत नव्हतं. तांदूळ, सूप आणि म्हातारी. निनादचा फोन आला, प्रेमानं नव्हे, आनंदानं. प्रेक्षकांना साधेपणा हवाय म्हणाला. सुचवणीही आली की निवडण्याचे प्रसंग वाढवा. आठवडाभर आमच्या मालिकेत तांदूळ, डाळ, मेथी, सगळं निवडून झालं. हेमलताताई म्हणाल्या, आता खडेच निवडायचे राहिलेत. मग एके दिवशी स्वयंपाकघरात फोडणी करपल्याच्या प्रसंगाला रेषा आभाळाला टेकली आणि निवडणं बंद होऊन धूर सुरू झाला. फोडणी जळाली, चूल पेटली, गोठ्याला आग लागली. बायजाक्का रोज धुरात कोंडायची आणि रोज वाचायची. मालिका दुपारच्या वेळेत पहिली आली. मी आबांना पेढे नेऊन दिले. आबांनी पेढा तोंडात टाकला आणि खोकत खोकत म्हणाले, चांगलं झालं.

मला वाटलं होतं, धंदा कळला. काय कळलं होतं डोंबल.

एके दिवशी खोटी आग खरी झाली. सेटवरच्या पडद्यांनी पेट घेतला, कुणाला लागलं नाही, पण चित्रीकरण थांबलं. मला आठवड्याच्या मधल्या वारी सुट्टी मिळाली तशी मी दुपारी इचलकरंजी गाठली. रविवार सोडून मी त्या घरी कधी जायचे नाही आणि रविवारी मालिका नसते. म्हणजे दीड वाजता आबा काय करतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

कट्ट्यावर गौराक्का आणि गल्लीतल्या बाया टॉवेलच्या ढिगात बसल्या होत्या, दाराकडं पाठ, हात चालू. आत टीव्हीचा आवाज मोठा. आबा खुर्चीत फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. मी आले तरी मान वळवली नाही. श्वास घेताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडत होते. छातीतून शिट्टी वाजत होती. दम्याचा पंप कुठं आहे म्हणून मी शोधू लागले, तर तो वरच्या फळीवर, त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवलेला.

"आता न्हाई," आबा म्हणाले. "दोन वाजता."

"दोन वाजता का?"

"गप बस. तुजीच हाय, बग."

मी पंप काढून पुढं केला तर त्यांनी तोंड फिरवलं. पडद्यावर रस्त्यावरून एक रिक्षा जात होती, एवढंच. त्याच वेळी आबांना ढास लागली. श्वास अडकला, डोळे पांढरे झाले, हात खुर्चीच्या दांड्यावर गच्च. मी ओरडले तशी बाहेरून गौराक्कांचा आवाज आला, बाप-लेक भांडतासा तर टीव्हीचा आवाज तरी वाढवा, आमाला काय ऐकू येईना झालंय. श्वास सुटला. आबा घामानं भिजले होते. मालिका संपली तसा त्यांनी स्वतः हात पुढं केला, पंप घेतला, आणि हळूहळू ओठांचा रंग परत आला.

रविवारी टीव्ही टॉवेलखाली झाकलेला असायचा. आज तो उघडा होता, आणि मला टीव्हीखालची वडी दिसली. पांढरी, एक हिरवा ठिपका लागलेला.

माझा मोबाइल वाजला. दोनची रेषा आली होती. मी ती तिथंच, त्या खोलीत, आबांसमोर उभी राहून बघितली. गोठा जळण्याला काही विशेष नव्हतं. सगळ्यात उंच शिखर होतं रस्त्यावरून रिक्षा जाते तिथं.

मी मोबाइल पालथा घातला आणि आबांसमोर बसले.

आबांकडून एकेक गोष्ट काढून घ्यायला बराच वेळ लागला. दोन माणसं पेटी बसवायला आली होती. घरात कुणी टीव्हीच्या धंद्यात आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. तसं असेल तर पेटी देत नाहीत, आणि लपवलं तर गुन्हा आहे. आबांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुमी खोटं बोललासा?"

"व्हय. लेक माजी लिहिती, आनि माजंच बगनं मोजायचं न्हाई व्हय?"

बसवणाऱ्यानं कौतुकानं सांगितलं होतं की बघताना श्वास अडकला की मालिकेला मार्क मिळतात. आबांनी ते लक्षात ठेवलं. डॉक्टरांनी नवा पंप दिला, श्वास सुधारला, आणि त्या रविवारी मी रडत आले. मग पंप संपला, आणायचा राहिला, तो आठवडा वाईट गेला, आणि मी हसत आले. एवढं झाल्यावर त्यांनी पंप फळीवर ठेवला. मालिका संपेपर्यंत घ्यायचा नाही, असा नेमच केला. सोमवार ते शनिवार, एखाद्या उपासासारखा.

मी म्हणाले, आबा, अशानं एक दिवस श्वास सुटायचाच नाही. त्यांनी पेटीच्या हिरव्या ठिपक्याकडं बोट केलं.

"मागानं एवढी वर्सं माजा श्वास खाल्ला," ते म्हणाले. "त्येचं काय आलं? धोतरं-टावेल. ह्यो उरल्याला तरी तुज्या कामाला येतोय. तू मदी पडू नको."

मी पेटी उपटते म्हणाले. उपट की, म्हणाले, मग चवकशीला येतील आणि तुझंच नाव निघंल. मी मालिका बघू नका म्हणाले. ते हसले. मी पाया पडले, शिव्या दिल्या, मेलेल्या आईची शपथ घातली. जुना जॉबर माणूस. एकदा नट आवळला की ढिला करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी निनादला सेटवरच्या रंगपटात गाठलं आणि सगळं सांगितलं. माझ्या वडिलांनी खोटं बोलून पेटी घेतली हेसुद्धा. लपवून काय करणार होते? तो उठून दार लावून आला. म्हणाला, हे तुम्ही मला सांगितलेलंच नाही. आमच्याकडं घरांची नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात, आणि श्वास तो श्वास, तो का अडकला हे विचारणं आमचं काम नाही.

मी त्याला एकच विचारलं. एका घरानं एवढी रेषा कशी हलते? कट्ट्यावर बाया बसतात त्या कुठं जातात?

हे त्यानं उत्साहानं समजावलं, त्याचा विषय होता. पेटीला छातीची हालचाल टिपायची असते. हात हलत असले की लहरी विस्कटतात, छाती सापडत नाही. म्हणून हलणारी माणसं संगणक गाळून टाकतो. भिंतीपलीकडची तर दिसतच नाहीत. त्यामुळं दुपारच्या वेळेला मोजायला थोडीच माणसं उरतात आणि एकेकाचं वजन वाढतं.

मी म्हणाले, "निनाद, दुपारी दीड वाजता हात न हलवता टीव्हीसमोर कोण बसतं रे?"

उत्तरही मीच दिलं. आजारी माणूस बसतो. म्हातारा बसतो. ज्याला उठवत नाही तो बसतो. तुम्ही राज्यभरातल्या दुखणाईतांच्या छात्या मोजताय, त्यांच्या धापेला उत्सुकता म्हणताय, आणि त्यांना आणखी धाप लागावी म्हणून माझ्याकडून आगी लावून घेताय. ज्या बाया खरोखर ऐकतात त्या तुमच्या लेखी मेलेल्या आहेत.

चेहरा पडला होता त्याचा, ते मी मान्य करते. माणूस मुळात वाईट नव्हता. मग त्यानं खिडकीतून सेटकडं बघितलं, जळके पडदे बदलणाऱ्या लोकांकडं बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पण वैजूताई, प्रेमानं विचारतो... वडिलांची तब्येत दिवाळीपर्यंत... अशीच राहील ना?"

या वाक्यानंतर मला काही ठरवावं लागलं नाही. ठरलंच.

पेट्यांवर देखरेख करणारी जी समिती होती तिला मी माझ्या नावानं, माझ्या सहीनं तक्रार पाठवली. पेटी माझ्या वडिलांच्या घरात आहे, त्यांनी खोटं सांगितलं, आणि तुमचं यंत्र दम्याला दाद समजतं, असं सरळ लिहिलं. पण समितीचं उत्तर यायला वेळ लागणार होता आणि दीड रोज वाजत होता. आबा माझं ऐकणार नव्हते. डॉक्टरांचं, गौराक्कांचंही नाही. या जगात ते दीड वाजता एकाच माणसाचं ऐकायचे. ती बाई मी रोज लिहीत होते.

संगणकाची त्या दिवशीची सुचवणी होती: बायजाक्का धुरात, श्वास कोंडतो, प्रसंग लांबवा. मी तसंच लिहिलं. बायजाक्का धुरात. श्वास कोंडतो. ती कशीबशी ओसरीवर येते. कमरेच्या पिशवीतून पंप काढते, घेते. मग समोर बघून एक वाक्य बोलते. पुढं मी फक्त लिहिलं, 'बायजाक्का थांबते.' आता संहिता माणूस वाचत नव्हता, संगणक वाचायचा. धूर, कोंडणं, पंप हे शब्द त्याला लागोपाठ दिसले आणि त्यानं आजवरचा सगळ्यात हिरवा, पसंतीचा शेरा दिला. बायजाक्का किती वेळ थांबते ते त्यानं विचारलं नाही.

हेमलताताईंना मी सगळं खरं सांगितलं, या भागानंतर मालिका राहणार नाही हेही. त्यांनी आरशात बघत कुंकू पुसलं, पुन्हा लावलं. मग पर्स उघडली. आत निळा पंप होता.

"जन्मभर लपवलाय," त्या म्हणाल्या. "दमेकरी नटीला कोण घेतं? हाच वापरू. आणि वैजू, थांबायचं म्हणतेस ते किती थांबायचं?"

मी म्हणाले, एका दमेकऱ्याला फळीवरून पंप काढून, घेऊन, परत खुर्चीत बसायला जेवढा वेळ लागेल तेवढं.

दिग्दर्शक कुरकुरला. लाइटवाल्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं की यानं तुमचंही काम जाईल, तुम्ही नको म्हणालात तर दुसरं काहीतरी शोधेन. त्यांच्यातला बाबू लोहार म्हणाला, ताई, आमचा म्हातारा पन दीडला टीव्हीसमोरच बसतो. आणि जाऊन दिवे लावले. एडिटरला हेमलताताईंनी स्वतः फोन केला, की त्या थांबण्यातलं काही कापलंस तर तुझ्या घरी येऊन बसेन.

तो भाग गेला त्या दिवशी मी आबांच्या खोलीत होते. पंप त्यांच्या नेमाप्रमाणं वर फळीवर. कट्ट्यावर बाया, पाठी दाराकडं. दीड वाजला. आबा ताठ बसले. छातीतली शिट्टी आदल्या वेळेपेक्षा वाईट होती. मी हातांना काम हवं म्हणून पदराचं टोक पिळत बसले.

पडद्यावर धूर झाला. हेमलताताई खोकत ओसरीवर आल्या. तो खोकला खोटा नव्हता, मला माहीत होतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून निळा पंप काढला, हलवला, श्वास सोडला, ओठांत धरला, दाबला आणि धरून ठेवला. घाई नाही. मग डोळे वर करून सरळ आमच्या खोलीत बघितलं.

"तुमचा कुठं ठेवलाय?" बायजाक्का म्हणाली. "उठा, घ्या. तुम्ही घेतल्याबिगर मी पुढं जात नाही."

आणि ती थांबली.

संगीत नाही. दुसरा कुणी आला नाही. म्हातारी ओसरीवर बसून आमच्याकडं बघत राहिली. टीव्हीवर एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आबा तिच्याकडं बघत होते. एकदा माझ्याकडं बघितलं, डोळ्यांत राग होता. मी कळ काढली. ती थांबलेलीच.

दारात सावली पडली. गौराक्का आत आल्या होत्या, हातात अर्धा गाठलेला टॉवेल. काय झालं, बंद पडला काय टीव्ही, आवाजच थांबला, म्हणत होत्या, आणि पडद्यावर बायजाक्काला बघून बोलायच्या थांबल्या. त्यांच्यामागून एकेक बाई आत आली. कानांना काही येईना म्हणून डोळे घेऊन आल्या होत्या. सगळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हात थांबले.

"अवो, ती तुमालाच म्हंत्या," गौराक्का आबांना म्हणाल्या. "म्हातारीला किती ताटकळत ठेवतासा?"

आबा खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उठले. मी पुढं झाले तर हातानं बाजूला सारलं. स्टूल ओढलं, फळीवरून स्वतःचा पंप स्वतः काढला. खुर्चीत परत बसले. हलवला, श्वास सोडला, घेतला. पडद्यावर बायजाक्कानं मान डोलावली. तिला कुठून दिसणार होतं? पण आमच्या खोलीतल्या सगळ्यांना वाटलं की दिसलं.

मग ती तिच्या घरात गेली आणि गोष्ट पुढं सुरू झाली. बाया हलल्या नाहीत. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

दोन वाजता रेषा आली. बायजाक्का थांबते तिथून ती घसरत गेली होती आणि शेवटी लांबच लांब, सपाट. मी ती बोटानं मागंपुढं सरकवून बघितली. आयुष्यात माझ्या नावावर याहून चांगली रेषा आली नव्हती.

निनादचा फोन आला. एकटं तुमचं घर नाही, म्हणाला, सगळीकडं श्वासांक पडलाय. नांदेड, चिपळूण, चंद्रपूर, सगळीकडं, जवळजवळ एकाच मिनिटाला. अर्ध्या घरांतली माणसं त्या वेळी जागेवरून उठली. आणि बघणाऱ्यांचा आकडा कधी नव्हे एवढा वर गेलाय, पण श्वासांक तळाला. माणसं भरपूर आणि श्वास संथ, असं कसं होईल, संगणक चूक दाखवतोय.

"चूक नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदा बरोबर मोजलंय. ही रेषा जपून ठेव, समितीपुढं मी मागणार आहे."

त्यानं विचारलं, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत. मी हो म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळच्या आत मालिका बंद झाल्याचं पत्र आलं. माझ्यावर पेटीत लुडबूड केल्याची तक्रार झाली आहे आणि ती मी लढणार आहे. समितीनं माझ्या तक्रारीचा क्रमांक दिलाय, बाकी काही नाही. मी दर आठवड्याला जाऊन त्यांच्या दारात बसते. बाबू लोहार कधीमधी त्याच्या म्हाताऱ्याला घेऊन येतो, हेमलताताई आल्या तर पर्समधला पंप टेबलावर काढून ठेवतात. दुपारची वेळ सध्या दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेकडं आहे, तिच्यात रोज कुणीतरी जिन्यावरून पडतं. म्हणजे अजून कुणाची तरी छाती कुठं तरी मोजली जातेय. ते थांबेपर्यंत मी त्या दारातून उठणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, फोन ठेवल्यावर, आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बंद पडली न्हवं?"

"पडली."

"मग आता उद्या दीडला काय बगायचं?"

"बगायचं कशाला," गौराक्का म्हणाल्या. त्यांनी टॉवेल उचलला आणि राहिलेली गाठ मारायला घेतली. "हिला बसवा की कट्ट्यावर. सांगंल तोंडानं. पुढं काय झालं ते हिलाच म्हाईत असनार."

बाया हसल्या आणि बाहेर निघाल्या. आबांनी पंपाचं झाकण लावलं, क्षणभर फळीकडं बघितलं, आणि पंप सदऱ्याच्या खिशात टाकला.

मी कट्ट्यावर जाऊन बसले. माझ्याकडं पाठ करून सगळ्या बसल्या, हात सुरू झाले. दारातून आबांचा श्वास ऐकू येत होता, संथ, एकसारखा, कंटाळवाणा. तो नीट कानात भरून घेतला आणि मी सुरू केलं. बायजाक्का घरात गेली, तर स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.